पाहणारे लाखो, पडताळणारा कोण?

दूरदर्शनच्या जमान्यात वाढलेल्या माणसाला एक वाक्य सहसा विसरता येत नाही : ‘आपण यांना पाहिलंत का?’ पडद्यावर एक फिकट छायाचित्र यायचं, बहुधा लग्नाच्या किंवा शाळेच्या फोटोतून कापून मोठं केलेलं. मग निवेदिकेचा संथ आवाज. नाव अमुक, वय इतकं, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात पांढरा सदरा, मराठी व हिंदी बोलतो. अमुक तारखेपासून बेपत्ता. माहिती मिळाल्यास अमुक पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. स्वयंपाकघरात पानं मांडली जात असायची, कुणी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेलं असायचं. पण तेवढं अर्धं मिनिट सगळे मान वर करून पाहायचे. कुणाचं तरी माणूस हरवलंय, आणि आपल्याला विचारतायत, एवढी जाणीव त्या अर्ध्या मिनिटात असायची.

त्या साध्या निवेदनाची रचना मोठी शहाणपणाची होती. विचारणारा एक, पाहणारे लाखो, आणि उत्तर पोचवायची जागा पुन्हा एकच. पाहणाऱ्याने फक्त ‘पाहिलं’ किंवा ‘नाही पाहिलं’ एवढंच सांगायचं. तो माणूस घरातून का गेला, दोष कुणाचा, हे ठरवायचं काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं.

आज प्रत्येकाच्या खिशात स्वतःचं दूरदर्शन केंद्र आहे. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळच्या ‘शुभप्रभात’च्या फुलांमागोमाग सीसीटीव्हीची क्लिप येते : जिन्यातून सायकल उचलून नेणारा मुलगा, साखळी खेचून पळणारे मोटरसायकलस्वार, दूधवाल्याच्या मागून आत शिरलेला कुणी अनोळखी. खाली लिहिलेलं असतं, ‘ओळखा याला.’ आणि दहा मिनिटांत कुणीतरी ओळखतंही.

याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. आयुष्याची पस्तीसेक वर्षं बँकेत आणि फावला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात गेला, त्यामुळे गुन्हा आणि गुन्हेगार या दोन्हींविषयी मला व्यावसायिक कुतूहल आहे. आणि समाजमाध्यमांनी तपासाच्या कामी जी मदत केली आहे ती थक्क करणारी आहे, हे आधीच मान्य केलं पाहिजे.

एक गमतीचं उदाहरण सांगतो. इटलीतल्या माफिया टोळीतला एक फरारी इसम २०१४ पासून पोलिसांना हवा होता. २०२१ साली तो सापडला डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन समुद्रातल्या देशात. कसा? तर तो आणि त्याची बायको यूट्यूबवर इटालियन स्वयंपाकाचे धडे देत असत. गडी हुशार होता, चेहरा कधी दाखवायचा नाही. पण कणीक मळायची तर हात दाखवावेच लागतात, आणि हातावरचं गोंदण लपवायचं राहून गेलं. सहा-सात वर्षं ज्याचा माग लागला नाही, त्याला स्वतःच्या सुगरणपणाच्या हौसेनं पकडून दिलं.

दुसरं उदाहरण गंभीर आहे. त्याच वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, अमेरिकेत एक बावीस वर्षांची मुलगी आपल्या जोडीदाराबरोबर गाडीतून देश पाहायला निघालेली असताना नाहीशी झाली. जोडीदार एकटाच घरी परतला. देशभर चर्चा झाली, तर्कांचा पूर आला. पण उपयोगी पडलं ते एका प्रवासी कुटुंबाचं साधं चित्रण. वायोमिंग राज्यातल्या एका रानातल्या रस्त्यावर त्यांनी सहज घेतलेल्या चित्रफितीत कडेला उभी असलेली ती पांढरी गाडी दिसत होती. त्यांनी ते तपास यंत्रणेला कळवलं. १९ सप्टेंबर २०२१ रोजी त्याच परिसरात त्या मुलीचा मृतदेह मिळाला. त्या कुटुंबाने कुणावर आरोप केला नव्हता. ‘या तारखेला, या ठिकाणी, ही गाडी आम्ही पाहिली’ एवढंच सांगितलं होतं. पुढे त्या मुलीच्या वडिलांनी जाहीरपणे एक गोष्ट सांगितली. आमच्या मुलीसाठी तुम्ही जे केलंत, ते हरवलेल्या सगळ्यांसाठी करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलगी गमावलेल्या बापाने हे म्हणावं याचं मला फार अप्रूप वाटलं. कारण समाजमाध्यमांचा जमाव कुणासाठी रात्र जागवील आणि कुणाकडे ढुंकूनही पाहणार नाही, याला कसलाच नियम नसतो.

मग अडतं कुठे?

हे सांगण्यासाठी मला बँकेतली एक रीत सांगावी लागेल. बँकेत कोणतीही नोंद एका माणसाच्या हातून पुरी होत नाही. कारकून व्हाउचर लिहितो, खातेवहीत उतरवतो. अधिकारी ते तपासतो, सहीचा नमुना ताडून पाहतो आणि मग पास करतो. लिहिणाऱ्याने पास करायचं नाही, ही त्यातली मेख. तिजोरीलासुद्धा दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात. पुढे संगणक आले, खातेवह्या गेल्या, पण ही रीत राहिली. नाव तेवढं ‘मेकर-चेकर’ झालं. यात कुणावर अविश्वास नाही. माणूस प्रामाणिक असला तरी त्याचा डोळा चुकतो, आणि स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, एवढंच गृहीत धरलेलं आहे.

या रीतीचं मोल मला एका तालुक्याच्या शाखेत कळलं. मी तेव्हा नवा अधिकारी होतो. एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी कॅश जुळेना. दहा हजार रुपये कमी. त्या काळी ही रक्कम कॅशियरच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग कुजबुज सुरू झाली. दुपारी कॅश केबिनमध्ये चहा घेऊन कोण गेलं होतं? शिपाई. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्याने आठवड्यापूर्वी उचल मागितली होती, आणि ती मिळाली नव्हती. झालं. अर्ध्या तासात कारण, संधी आणि आरोपी असं सगळं सिद्ध झालं होतं. कुणी मोठ्याने काही बोललं नाही. पण सगळ्या नजरा एकाच बाजूला वळत होत्या आणि ज्याच्याकडे वळत होत्या त्याला ते समजत होतं.

आमचे हेड अकाउंटंट निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. ते कुणाकडे बघेनात की कुणाशी बोलेनात. त्यांनी दिवसभराच्या चेकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि एकेक चेक उलटा करून पाहायला लागले. पैसे देताना कॅशियर चेकच्या पाठीवर नोटांचा तपशील लिहितो. रात्री नवाच्या सुमारास वीस हजारांच्या एका चेकमागे त्यांना आकडा दिसला : शंभराच्या तीनशे. म्हणजे एक पुडकं जास्त गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे जण त्या बागायतदाराच्या वाडीवर गेले. पिशवी तशीच कपाटात होती, त्याने सोडलीही नव्हती. पैसे परत आले, प्रकरण मिटलं.

मिटलं ते बँकेच्या हिशेबात. तो शिपाई त्यानंतर माझ्या बदलीपर्यंत दोन वर्षं रोज वेळेवर येत होता, चहा आणून देत होता. पण आमच्याबरोबर बसून चहा तो पुन्हा कधी प्यायला नाही. एका रात्रीत आणि बारा-पंधरा माणसांत झालेली ही जखम. त्या रात्री मोबाइल असते आणि त्याचा फोटो तालुक्यात फिरला असता, तर मुलीच्या लग्नाचं काय झालं असतं, हा विचार मला अलीकडे वारंवार येतो.

असा विचार येण्याला कारण आहे. जगात तो प्रकार घडून गेला आहे.

१५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मॅरेथॉन शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ दोन स्फोट झाले. प्रेशर कुकरमध्ये भरलेले बॉम्ब होते. तीन माणसं गेली, अडीचशेहून अधिक जखमी झाली, कित्येकांचे पाय तोडावे लागले. शर्यत पाहायला आलेल्या हजारो लोकांनी फोटो काढले होते. एफबीआय या तपास संस्थेने लोकांना आवाहन केलं की तुमच्याकडचं चित्रण आमच्याकडे द्या. लोकांनी भरभरून दिलं. इथपर्यंत सगळं यथासांग होतं.

पण रेडिट नावाच्या संकेतस्थळावर लोकांनी स्वतःच एक समांतर तपास सुरू केला. गर्दीच्या फोटोंत पाठीवर पिशवी असलेले तरुण शोधायचे आणि त्यांच्याभोवती लाल वर्तुळं काढायची. हा बघा, शर्यतीकडे पाहत नाही. त्याची पिशवी बघा, जड दिसते. अशी वर्तुळं पडलेल्या दोन निरपराध तरुणांचा फोटो न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने १८ एप्रिलला पहिल्या पानावर छापला. त्यातला एक तर शाळकरी मुलगा होता.

त्याच संध्याकाळी एफबीआयने खऱ्या दोन संशयितांची छायाचित्रं प्रसिद्ध केली आणि बजावलं की फक्त हीच पाहा, बाकीच्या फोटोंवर विसंबू नका. जमावाने मात्र या छायाचित्रांचा मेळ नवीनच माणसाशी घातला. भारतीय वंशाचा एक तरुण विद्यार्थी महिनाभर आधी घरातून बेपत्ता झाला होता. मनाने खचलेला होता. घरच्यांनी त्याला शोधण्यासाठी फेसबुकवर पान उघडलं होतं, त्यावर त्याचे हसरे फोटो होते. त्यातला एक फोटो घेऊन कुणीतरी संशयिताच्या शेजारी लावला. नाक सारखं, भुवया सारख्या. रात्री पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवर त्याचं नाव ऐकू आल्याचं कुणीतरी लिहिलं, आणि हजारोंनी ते पुढे पाठवलं. मुलाला शोधण्यासाठी उघडलेल्या त्या पानावर शिव्याशाप येऊन पडू लागले. घरच्यांना ते पान बंद करावं लागलं. विचार करा, ‘आपण यांना पाहिलंत का?’ असं विचारणाऱ्या आईबापांना जगाने दिलेलं हे उत्तर होतं.

सकाळ होईतो खरे आरोपी कोण ते उघड झालं. ते सारनाएव्ह आडनावाचे दोन भाऊ होते. थोरला त्या रात्री पोलिसांशी झालेल्या चकमकीत मेला आणि बोटांच्या ठशांवरून त्याची ओळख पटली. धाकटा वॉटरटाऊन या उपनगरात लपला होता. हजारो पोलीस दिवसभर घराघरांची झडती घेत होते. तो सापडला कसा? एक गृहस्थ संध्याकाळी आपल्या परसात आले. तिथे ठेवलेल्या होडीवरचं आच्छादन त्यांना विस्कटलेलं दिसलं. डोकावले तर रक्त आणि आत माणूस. ते मागे फिरले आणि पोलिसांना फोन केला. लाखो लोकांच्या तर्कांतून जे निघालं नाही ते एका माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याने ते एकाच ठिकाणी कळवलं.

तो विद्यार्थी २३ एप्रिलला नदीत मृतावस्थेत सापडला. स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच्या आदल्याच दिवशी रेडिटच्या व्यवस्थापनाने जाहीर माफी मागितली होती. पण त्या माफीचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा? लाल वर्तुळं काढणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव कुठे नव्हतं.

हे सातासमुद्रापार झालं म्हणून हळहळून सोडून द्यावं, तर पाच वर्षांनी आपल्याच महाराष्ट्रात जे झालं ते याहून भयंकर होतं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. आठवडे बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. गावोगाव फिरून भिक्षा मागणं ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्याचे संदेश मोबाइलवरून फिरत होते. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला एवढं निमित्त झालं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून ठार मारलं. पाचही जणांना.

त्या महिन्यांत देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटरसायकलवरून दोघे जण येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी तयार केली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध राहायला सांगणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापून टाकला. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, एक अक्षर बदललं आणि शनिवारवाड्यात रक्त सांडलं. १७७३ सालच्या त्या ‘ध चा मा’ला निदान लेखणी लागली होती. इथे चित्रफितीची शेवटची काही सेकंदं कापणं पुरलं.

या कहाणीला आणखी एक पदर आहे. राईनपाड्यात मारहाण चालू असताना लोक मोबाइलवर चित्रण करत होते. पुढे त्याच चित्रफितींवरून पोलिसांनी मारेकऱ्यांची ओळख पटवली आणि अटका केल्या. म्हणजे ज्या साधनाने खून घडवला, त्याच साधनाने खुनी पकडून दिले. फरक कशात होता? आधी ती चित्रं जमावाच्या हातात होती. नंतर ती तपासणाऱ्याच्या हातात आली. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमलेल्या जमावाच्या तावडीतून पोलिसांनी एका लहान मुलासह पाच जणांना सोडवलं. तिथे मध्ये उभं राहायला कुणीतरी होतं, म्हणून ती पाच माणसं आज आहेत. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवण्यावर मर्यादा घातली, आणि जमावाच्या हत्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना सविस्तर आदेश दिले. पण यंत्राने अंगठ्याला किती आवर घालायचा?

माझ्या मते सगळी गफलत दोन कामं एकत्र झाल्यामुळे होते. पाहणं हे एक काम आणि ठरवणं हे दुसरं. समाजमाध्यमांनी पहिलं काम करायला लाखो डोळे दिले, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. पण दुसरं कामही त्याच डोळ्यांनी परस्पर उरकून टाकलं. लिहिणारानेच पास केलं.

ही दोन कामं वेगळी ठेवली तर काय होऊ शकतं, याचं एक सुरेख उदाहरण युरोपात आहे. युरोपोल ही युरोपीय देशांच्या पोलिसांची सामाईक संस्था. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं तिच्या हाती येतात, पण मूल कोण, देश कोणता, याचा पत्ता नसतो. अशा वेळी जनतेची मदत कशी घ्यायची? चित्र तर दाखवणं शक्य नाही. २०१७ च्या जूनमध्ये तिने एक उपक्रम सुरू केला. चित्राच्या पार्श्वभूमीतली एखादी निरुपद्रवी वस्तू कापून घ्यायची आणि फक्त तीच लोकांपुढे ठेवायची. एखादी प्लास्टिकची पिशवी, कापडावरची नक्षी, बाटलीवरचं लेबल. प्रश्न एकच : ही वस्तू कुठली? मग कुणीतरी गृहिणी सांगते, ही पिशवी आमच्या गावच्या दुकानातली. कुणी कारागीर सांगतो, हे कापड अमुक गिरणीचं. उत्तर थेट युरोपोलकडे जातं, तिथे तपासलं जातं आणि मग त्या त्या देशाच्या पोलिसांकडे. हजारो लोकांनी अशी माहिती दिली आहे आणि काही मुलं खरोखर नरकातून सुटली आहेत. पिशवी ओळखणाऱ्याला मूल दिसत नाही, आरोपीही दिसत नाही. त्यामुळे चुकीच्या माणसाला दगड मारायची सोयच नाही. ही रचना आखणारा माणूस पूर्वाश्रमीचा बँकवाला असावा, असं मला उगीचच वाटतं.

न्यायालयातही हीच रीत आहे, पण ग्रुपवर फोटो टाकताना आपण नेमकी तीच मोडतो. ओळख परेड हा शब्द आपण सिनेमात ऐकलेला असतो. आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या चार-सहा जणांत उभं करतात आणि साक्षीदाराने त्यातून त्याला ओळखायचं असतं. साक्षीदाराने आधी आरोपीचा चेहरा पाहिलेला नसावा, ही त्यातली पहिली अट. म्हणून तर पोलीस आरोपीला बुरखा घालून नेतात. आता त्या आरोपीचा फोटो आदल्या आठवड्यात शंभर ग्रुपांवर फिरला असेल तर? बचावाचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार : तुम्ही याला घटनेच्या वेळी पाहिलंत की मोबाइलवर? गुन्हेगार पकडायला म्हणून पाठवलेला फोटोच गुन्हेगाराला सोडवून नेऊ शकतो.

चित्रफितीचंही तसंच. आम्हा बँकवाल्यांना १८९१ सालच्या एका कायद्याची जुनी ओळख आहे, बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट. खातेवहीचा उतारा कोर्टात द्यायचा तर खाली प्रमाणपत्र लिहावं लागतं : ही खरी नक्कल आहे, ही नोंद बँकेच्या नेहमीच्या वहीतली आहे, रोजच्या कामकाजात झालेली आहे आणि ती वही अजून बँकेच्या ताब्यात आहे. खाली सही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यालाही असंच प्रमाणपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ही बाब पक्की केली, तीही आपल्या जालन्याच्या एका निवडणुकीच्या वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती अट आहे. दहा ग्रुपांतून घरंगळत आलेली, आगापिछा नसलेली क्लिप अशा ठिकाणी किती काळ उभी राहणार?

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची गोष्ट इथे आठवते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबास्टियन डिसोझा आणि श्रीराम वेर्णेकर या दोन वृत्तछायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून कसाब आणि त्याच्या साथीदाराचे फोटो काढले. नंतर ते न्यायालयात साक्षीलाही उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ऑगस्टमधल्या निकालात त्यांच्या धैर्याची वाखाणणी केली. त्याच निकालात, कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांवर मात्र कडक ताशेरे आहेत, कारण पलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहत होते. एकाच निकालपत्रात चित्र टिपणाऱ्यांची शाबासकी आहे आणि चित्र उधळणाऱ्यांची कानउघाडणीही.

मला कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण लोक ग्रुपवर धावतात ते पोलीस ठाण्यात दाद लागत नाही म्हणून. हा आक्षेप खरा आहे. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर ऐकून परत आलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. अनेक प्रकरणांत आवाज झाला म्हणूनच कागद हलला, हेही आपण पाहिलं आहे. मुंबई पोलिसांनी २०१५ च्या डिसेंबरात ट्विटरवर खातं उघडलं, तेव्हापासून चौकीची पायरी न चढता तक्रार सांगता येऊ लागली, हा बदल मोठाच आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हे आता नव्या कायद्यात लिहिलेलं आहे. तेव्हा आवाज जरूर करावा. पण ‘माझी तक्रार नोंदवून घ्या’ असा आवाज करणं वेगळं आणि ‘हाच चोर आहे’ असा पुकारा करणं वेगळं. पहिल्याने यंत्रणा जागी होते. दुसऱ्याने यंत्रणेची गरजच संपल्यासारखं होतं.

मग रविवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर अशी क्लिप आली तर तुम्ही-आम्ही काय करावं? आपण स्वतः काही पाहिलं असेल, टिपलं असेल, तर ते मूळ रूपात जपून ठेवावं आणि पोलिसांना द्यावं. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोतली वेळ-ठिकाणाची दडलेली नोंद पुसली जाते, म्हणून मूळ प्रतीचं मोल अधिक. तातडीचं असेल तर ११२ हा क्रमांक आहे. पैसे लुबाडले गेले असतील तर १९३०, आणि तोही लगेच, कारण एका खात्यातून दुसऱ्यात पळणारा पैसा पहिल्या काही तासांतच अडवता येतो. हे मी बँकवाला म्हणून सांगतो. अत्याचाराची बळी ठरलेल्या स्त्रीचं किंवा मुलाचं नाव, चेहरा कळेल असं काहीही, ‘न्याय मिळवून देण्यासाठी’ म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नये. तो कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्याच्याबद्दल आपल्याला स्वतःला काहीच ठाऊक नाही, असा चेहरा तर अजिबातच नाही. तो चेहराही कुणाच्या तरी घरातला असतो.

‘ध चा मा’ची आख्यायिका आपण सगळे सांगतो, पण त्याच प्रकरणातला दुसरा माणूस विसरतो. चौकशी करून प्रत्यक्ष राघोबादादाला दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे. शहरभर कुजबुज होतीच. तिला निकालाचं रूप आलं ते कुणीतरी बसून शहानिशा केली तेव्हा. आपल्या परंपरेत दोन्ही आहे. कोणतं उचलायचं हे आपल्यावर आहे.

बँकेत प्रत्येक नोंदीशेजारी एक छोटी सही असायची, दोन अक्षरांची. पास करणाऱ्याची. वीस वर्षांनी वही उघडली तरी ही नोंद कुणी खरी मानली हे त्या दोन अक्षरांवरून कळायचं. म्हणून ती करताना हात क्षणभर थांबायचा. मोबाइलवरच्या संदेशाखाली अशी सही करावी लागत नाही. पण ती करायची आहे असं समजून, पुढे पाठवण्याआधी अंगठा तेवढाच क्षणभर थांबवायला काय हरकत आहे?